मागे झील धरणारा हजर असल्याने पुढे गाणारा मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, सावरहाट,
ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार.

विषय: लोककला मंडळाची खोली काढून न घेणेबाबत व दर गुरुवारी एक मुख्य गायक उसना मिळणेबाबत.

संदर्भ: खोली रिकामी करण्याविषयी आपल्या कार्यालयाची नोटीस.

महोदय,

मी खाली सही करणारा बशीर अहमद पिंजारी, धंदा गादी-रजई भरणे, राहणार बाजारपेठ, सावरहाट, सविनय अर्ज सादर करतो तो असा की,

१. बाजार ओट्यामागील खोलीत आमचे लोककला मंडळ चालते. गावातील गाणारे, वाजवणारे आणि शाळेतल्या मुलांना चित्रे शिकवणारे यांनी ते बिनपगारी उभे केले. होळीआधी डोंगरातून उदेसिंग वसावे ढोल घेऊन उतरत, तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नसे. आता उदेसिंगभाऊंचे गुडघे गेले. आमचे सचिव हेमकांत मुलाकडे सुरतला राहतात. सणाला फोन करतात, चांगले बोलतात.

२. दर गुरुवारी संध्याकाळी गाण्याची बैठक होते. नोटिशीत 'कोणताही कार्यक्रम होत नाही, सबब खोली धूरफवारणी यंत्र ठेवण्यासाठी घेण्यात येईल' असे लिहिले आहे. हे मला मान्य नाही. कार्यक्रम होतो. मी असतो.

३. आपले लिपिक श्री. गोवाल वळवी पाहणीस आले होते. त्यांनी अहवालात लिहिले की, 'एक इसम उभा होता, बराच वेळ गप्प राहत होता व मधूनच मोठ्याने ओरडत होता.' गोवालभाऊ सज्जन आहेत, त्यांनी पाहिले तेच लिहिले. तथापि खुलासा करणे भाग आहे. आमच्या गाण्यात मुख्य गायक पुढे उभा राहून कडवे म्हणतो आणि मागचा माणूस शेवटची ओळ उचलून धरतो. यास झील धरणे म्हणतात. मी जन्मभर झील धरली. मुख्य गायक हिंमतराव पाटील गेल्या पावसाळ्यात वारले. अहवालात ज्यास गप्प राहणे म्हटले आहे, ते हिंमतरावांचे कडवे आहे. तेवढा वेळ मी थांबतो आणि माझी ओळ आली की म्हणतो. सबब कार्यक्रम पूर्ण होतो, कमी होत नाही.

४. 'चाचा, तुम्हीच कडवं म्हणा ना' असे गोवालभाऊंनी सुचवले. कडवी मला पाठ आहेत. परंतु आमच्यात रीत अशी की, मुख्य गायक भर बैठकीत आपला शेला ज्याच्या खांद्यावर टाकील त्यानेच पुढे यावे. हिंमतरावांनी तो कोणाच्या खांद्यावर टाकला नाही. दवाखान्यात मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "बशीर, तू मांगे शे म्हनीसन मी पुढे शे. तूच पुढे उना ते मांगे कोन ऱ्हाई?" 

५. साहेब, रीत बाजूला ठेवून खरे सांगतो. मला भीती वाटते. आज त्या खोलीत जी शांतता आहे ती हिंमतरावांची आहे, ती मला सोसते. मी कडवे म्हटले आणि मागून झील आली नाही, तर ती शांतता माझी होईल. ती सोसणार नाही.

६. घरी शकीला म्हणते, गुरुवारी भिंतीशी बोलण्यापेक्षा दुकानात बसा. तिचे चुकीचे नाही. पण मनात गाणे असले की कापूस पिंजताना माणसाला एकटे वाटत नाही, आणि नसले की भरल्या बाजारातही वाटते, हे तिला कसे समजावू? आपणासही का सांगतो आहे, कळत नाही. अर्जात असे लिहीत नसतात, हे मला ठाऊक आहे.

७. तरी विनंती की, नोटीस मागे घ्यावी आणि तालुक्यातून, जिल्ह्यातून, कोठूनही एक मुख्य गायक गुरुवारपुरता पाठवावा. जात, धर्म, वय, भाषा यांची अट नाही. आवाज बसका असला तरी चालेल. फवारणी यंत्र कोपऱ्यात ठेवावे, मी सरकून उभा राहीन.

८. तसा माणूस न मिळाल्यास आपण स्वतः यावे. आपण नवीन आहात, कुटुंब धुळ्याला असते आणि संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर एकटेच बसता, हे गावात सर्वांना दिसते. आपल्या गावाकडचे काहीही म्हणावे. ओळ विसरलात, सूर सुटला, तरी घाबरू नये. तेवढ्यापुरताच तर मागे माणूस लागतो.

उद्या गुरुवार आहे.

आपल्या मागे उभा राहण्यास तयार,

(सही)
बशीर अहमद पिंजारी
झीलकरी
(तूर्त अध्यक्ष, सचिव व सभासद)

ठिकाण: सावरहाट
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५