चारशे की सहाशे?

३ मार्च
बीळ रिकामे आहे म्हणे! कागदावरून डोळेही न उचलता पालिकेचा अभियंता म्हणाला, "पक्षी राहत असेल तर फोटो आणा. सुनावणी सतराला. नाहीतर अठराला काठावर काँक्रीट." घरामागच्या ओढ्याच्या त्या काठात खंड्याची जोडी दर वर्षी घर करते, हे मी वीस वर्षे खिडकीतून पाहते आहे. पण माझे पाहणे म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य करावे लागले. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवल्याचा हा तोटा!
धाकट्या बहिणीचा मिररलेस कॅमेरा घरात आहे. लांबचे टिपणारी लेन्स नाही.

५ मार्च
दुकानात दोन तास. भाड्याने दोन लेन्स मिळतात. चारशे मिलिमीटरची हलकी, हातात धरता येते. सहाशेची दोन किलोंची, तिपाई हवी. त्यात दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्यात क्रॉप मोड लावला, म्हणजे फोटोच्या कडा कापल्या, की चारशेची सहाशे होते." मग सहाशेची ठेवलीत कशाला? "ती खरी सहाशे." म्हणजे पहिली खोटी? "तसं नाही हो!" — मग कसे, ते त्याला सांगता येईना, मला सोडवता येईना. रिकाम्या हाताने परतले.

६ मार्च
तक्ता केला : वजन, उजेड, पल्ला. प्रत्येक रकान्यात वेगळीच लेन्स जिंकते. तक्ता फाडला.

७ मार्च
धाकटी : "ताई, एवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरतात. उचल एक आणि चल!"
अखेर मांडणी केली. लांब लेन्स लावणे आणि स्वतः पुढे सरकणे, दोन्हींनी पक्षी मोठाच दिसतो. सरकायला तिपाई लागत नाही. म्हणून चारशे. निष्कर्षात खोट सापडत नाही, तरी मन स्वस्थ नाही. का, ते कळत नाही.

९ मार्च
साठ पावलांवरून निळा ठिपका आला. खंड्या म्हणा, प्लास्टिक म्हणा.

११ मार्च
पंधरा पावलांवर गेले. मिळाला! चोचीत मासा, माशाचे डोके बाहेरच्या बाजूला — पिल्लांना भरवायचे असते तेव्हाच तसे धरतात, असे दुकानदाराने सांगितले होते. बिळाशेजारच्या फांदीवर पंचवीस मिनिटे बसून होता. किती समजूतदार पक्षी!

१३ मार्च
काल आणि आजही गेले. अधिक पुरावा केव्हाही बरा.

१४ मार्च
फोटो छापायला दुकानात. "काय शार्प आलाय!" मग दुकानदार फोटोंच्या वेळा पाहत गेला. "मॅडम, तुम्ही कुठे होतात?" पंधरा पावलांवर. "लपून?" उघड्यावर, स्टुलावर. "मग तो बसला नव्हता हो. तुम्ही कधी उठताय याची वाट बघत होता. माणूस समोर असताना तो बिळात शिरत नाही."
हे आधी का नाही सांगितलेत?
"मी सहाशेची दाखवली की, मॅडम!"
पिल्ले आत. मासा बाहेर. मध्ये मी — तीन दिवस.

१५ मार्च
सकाळपासून खिडकीत. "असतील गं आतच," धाकटी म्हणते. कोणी आले नाही. दिसले नाही म्हणजे नाही, असे सिद्ध होत नाही. हे मीच शिकवले. आज मलाच का पटत नाही?

१६ मार्च
नाही.

१७ मार्च
सुनावणी. अभियंत्याने फोटो उजेडाकडे धरला. "मान्य. पिल्लं उडेपर्यंत काम बंद." धाकटीने तिथेच टाळी वाजवली. फोटो अकरा तारखेचा. आज बिळात काय आहे, हे कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही.