चाचणी क्रमांक सात उघडू नये

बोईसर, मंगळवार

श्री. धर्माजीराव यांना पंढरीनाथचा सप्रेम नमस्कार.

आम्ही इथे सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही केळव्याला तसेच असाल असं धरून चालतो. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? सुपारीच्या बागेतली मोटर दुरुस्त झाली का? आमच्या मोनालीच्या लग्नाच्या साड्या बघून झाल्या (घेऊन व्हायच्या आहेत). भाग्येशरावांना आशीर्वाद. होणाऱ्या व्याह्याला हल्ली कागदावर पत्र कोण लिहितं, असं तुम्हाला वाटेल. पण काल जो प्रसंग माझ्यावर गुदरला, त्यानंतर माझा कागदावरचा विश्वास फार वाढला आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचं ऑफिस पालघरला होतं, ते गेल्या महिन्यात इथे कारखान्यातच आलं. माझा कॉम्प्युटरही माझ्याबरोबर टेम्पोतून आला (तो पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे कपाटाला धरून). काल साहेबांचं फर्मान निघालं, की प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं ई-मेल चालू करायचं आणि गाडीत भरलेल्या मालाची यादी त्यावरूनच पाठवायची. यादी पोचली नाही तर गिऱ्हाईक गाडी फाटकातून आत घेणार नाही. चिठ्ठीवर सगळं लिहून दिलेलं होतं. मी माझं नाव घातलं, पासवर्ड घातला, सर्व्हरचं नाव घातलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं, या नावाचा सर्व्हर सापडत नाही.

चष्मा पुसून, एकेका अक्षरावर बोट ठेवून पुन्हा घातलं. तेच उत्तर. शेजारच्या प्रतीक्षामॅडमना तोच सर्व्हर एका दमात सापडला (त्यांचा कॉम्प्युटर नवा आहे आणि त्या ते बोलूनही दाखवतात). मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मेहुलला फोन लावला. तो म्हणाला, "अंकल, बंद करके चालू करो." केलं. "वायर निकाल के फिरसे लगाओ." टेबलाखाली शिरून तेही केलं (बाहेर येताना डोकं आपटलं). प्रत्येक उपायानंतर तो म्हणे, "अब एक टेस्ट मेल भेजो." आता पाठवायचं कुणाला? मला पाठ असलेला पत्ता एकच, तुमचा. म्हणून तुम्हाला 'चाचणी एक', 'चाचणी दोन' असं लिहीत गेलो. एकही जात नव्हती. सगळ्या बाहेर जाणाऱ्या टपालाच्या खणात साचत होत्या. आणि जाणारच नाही अशा पत्रात माणूस जरा मोकळेपणाने लिहितो, हे तुम्हीही जाणता.

दुपारचे तीन वाजले. गाडीचा ड्रायव्हर तिसऱ्यांदा डोकावून गेला. तेवढ्यात आमच्या टेलिफोनवर बसणाऱ्या सोमीताई पाणी प्यायला आल्या. त्या मनोरकडच्या, वीस वर्षं लोकांना फोन जोडून देताहेत. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाव बरोबर आहे हो, तरी सापडत नाही."

"सायेब, नुसत्या नावानं काय व्हतं?" त्या म्हणाल्या. "लोकांना नाव ठाऊक असतं, नंबर मी सांगते. ह्यो नंबर कोनाला इचारतो?"

मी तोच प्रश्न जसाच्या तसा मेहुलला विचारला. मग त्याने मला नावाच्या जागी सर्व्हरचा नंबर घालून बघायला सांगितलं. पटकन सापडला! मग त्याने कसली तरी सेटिंग उघडायला लावली. नावावरून नंबर कुणाला विचारायचा, त्या रकान्यात पालघरच्या जुन्या ऑफिसातल्या मशीनचा पत्ता कुणीतरी हाताने भरून ठेवलेला होता. ते ऑफिस बंद, ते मशीन भंगारात, आणि माझा कॉम्प्युटर सकाळपासून त्यालाच विचारत बसलेला.

"आमी हितं आलो तवा मी पयली नंबरांची यादी बदलली," सोमीताई म्हणाल्या. "ह्याला कोनी सांगितलाच नाय."

जुना पत्ता पुसला, कॉम्प्युटरला इथल्या मशीनकडे चौकशी करायला लावलं, आणि यादी गेली, गाडी सुटली. सोमीताईंना मी स्वतः चहा नेऊन दिला. परत येऊन खुर्चीत टेकतो, तो समोरून 'सुर्र, सुर्र' असे आवाज. बघतो तर खणात साचलेल्या नऊही चाचण्या एकामागून एक केळव्याला रवाना होत होत्या.

असो. विहीणबाईंना नमस्कार सांगावा. बाकी सगळं क्षेम.

तुमचा होणारा व्याही,
पंढरीनाथ

ता. क. खरं कारण आता लिहितो. आपण ई-मेल फक्त रविवारी बघतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. हे पत्र त्याआधीच तुमच्या गावच्या, आमच्या पॅकिंगमधल्या कमळीताईंच्या हस्ते तुमच्याकडे पोचेल. चाचणी क्रमांक सात न वाचता पुसून टाकावी, ही हात जोडून विनंती. फोनच केला असता, पण तुमचा फोन विहीणबाई उचलतात. वाचलीच असेल, तर मी तेव्हा टेबलाखालून नुकताच निघालो होतो हे ध्यानात घ्यावं. 'सर्व्हर सापडत नाही तेच बरं, त्याला निदान धर्माजीरावांचं गाणं ऐकावं लागणार नाही. लग्नात कुणीतरी पेटी लपवा,' हे शब्द माझे नाहीत, डोक्यावरच्या टेंगळाचे आहेत. साखरपुड्यात तुम्ही म्हटलेले सहाही अभंग मला आवडले (पहिले दोन तर मनापासून).

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवतो आहे तोच तुमच्या पत्त्यावरून उत्तर आलं. विहीणबाईंचं! ई-मेल रोज त्याच बघतात म्हणे. लिहितात, "दादा, तीस वर्षं मी हेच सांगते, पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं? तुमचं मी ह्यांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. पेटी माळ्यावर गेली. आता असंच एक ह्यांच्या भावालाही पाठवा, ते तबला आणणार आहेत. पत्ता खाली दिला आहे."

तर धर्माजीराव, तुमचे बंधू गोष्टी मनाला लावून घेतात का, तेवढं कमळीताईंबरोबर उलट कळवावं.