खोलीचं तापमान चोवीस अंश

५ मे, सोमवार
कुरिअर आलं. नव्या लॅपटॉपची परीक्षणं छापणाऱ्या ठाण्याच्या एका वेबसाइटने टेस्टिंगला पाठवलेला लॅपटॉप. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत. आवडला तर कायमची नोकरी, असं तिथला संपादक सलिल म्हणाला. आठ महिने घरी बसले, आता संपलं. टेस्टिंग दोन तासांचं काम. पण आधी सेटअप. तो पक्का नसेल तर आकड्यांना अर्थ नाही.

६ मे, मंगळवार
विंडोज नव्याने टाकलं. अपडेट्स ४१ टक्के. दुपारी झोपले नाही, नुसते डोळे मिटले होते.

७ मे, बुधवार
खोली चोवीस अंशांवरच हवी. मे महिन्यात डोंबिवलीत चोवीस अंश फक्त सासूबाईंच्या एसीखाली. त्या तिथेच वाल सोलत बसतात. माणूस बसला की पारा एक अंश चढतो, म्हणून बाहेर बसा म्हटलं. तर म्हणाल्या, नीला, आता माझ्यामुळे लॅपटॉपलाही उकडायला लागलं का गं? हलल्या नाहीत. पंचविसावर टेस्ट म्हणजे फसवणूक. उद्या पहाटे.

८ मे, गुरुवार
पहाटे जाग आली होती. उठले नाही. रिपोर्टचा सेटअपचा भाग लिहिला. अकरा पानं. ब्राइटनेस किती, चार्जर कुठल्या सॉकेटला, सगळं. अशी शिस्त हल्ली कुणात नाही. लेकीने, श्रियाने, प्रोजेक्टसाठी लॅपटॉप मागितला. स्पष्ट नाही म्हटलं. टेस्टच्या मशीनला परका हात लागता कामा नये.

९ मे, शुक्रवार, दुपारी ४
पहिली टेस्ट लावली. आकडे विचित्र. बघते तर मागे श्रियाचा प्रोजेक्ट, बावीस टॅब आणि सासूबाईंचं कीर्तन चालू. मी डोळे मिटले की आजी-नात रोज वापरत होत्या! रागावले. श्रिया म्हणाली, अगं आई, मस्त पळतो, पण मांडीवर भाजतं, आणि त्याच्या पंख्याच्या घरघरीत आजीला कीर्तन ऐकू येत नाही.
पुन्हा विंडोजपासून सुरू करायला वेळ नव्हता. अकरा पानं पाठवली. निकालाची जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे श्रियाचं वाक्य टाकलं. तिच्या नावासकट. मी प्रामाणिक आहे.

१२ मे, सोमवार
सलिलचा फोन. सेटअपबद्दल अवाक्षर नाही. वेबसाइटवर तेवढं वाक्यच लावलंय. पुढचा लॅपटॉप श्रियाच्या नावाने येणार. मॅडम, रागावला नाहीत ना, असं विचारलं त्याने. छे, म्हटलं.
श्रिया एसीत टेस्ट करेल. सासूबाईंनी वालाची परात माझ्यापुढे सरकवली. परात घेऊन खोलीबाहेर येऊन बसले. माणूस बसला की पारा एक अंश चढतो.