सतरंजीचं दुसरं टोक

बाबा,

हेन्रीका हेलसिंकीत पाय घसरून समुद्रात पडता पडता वाचली, असं तुम्ही गावभर सांगताय. माझा पाय घसरला नव्हता. मी जीव द्यायला गेले होते.

उन्हाळ्यात त्या धक्क्यावर लोक सतरंज्या धुतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी कठड्यापलीकडे उभी होते, तेवढ्यात मागून एक म्हातारी खेकसली, "ए पोरी, नुसती उभी काय राहिलीस? पिळायचं यंत्र बंद पडलंय. ये, हे टोक धर!"

आपल्या देशात अनोळखी माणसाशी कुणी आपणहून बोलतं का? ती बोलली. मी कठडा ओलांडून अलीकडे आले आणि टोक धरलं. तिसऱ्या सतरंजीला मला रडू फुटलं, तर म्हणाली, "रड खुशाल, पण पीळ सोडू नकोस." तिच्या पाचही सतरंज्या पिळून झाल्यावर तीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

आणि तुम्ही फोनवर काय विचारलंत? "ती बाई कुठे बोलणार नाही ना?" तिचं नाव त्यूने आहे, बाबा. ते नाही विचारलंत.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही ते चुलीत घालाल. रविवारी मीच येतेय. चर्चमधल्या प्रार्थनेनंतर कॉफीला जमलेल्या सगळ्यांसमोर, पाद्रीबुवांसमोरसुद्धा, खरं सांगणार आहे. लाज वाटली तर उठून जा.

नंतर मी आईच्या सतरंज्या धुवायला तळ्यावर जाईन. दुसरं टोक धरायला यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पाय न घसरलेली,
हेन्रीका