शिट्टीवाल्या सरांची प्रश्नावली

२ डिसेंबर
पीएच.डी. झालीच समजा. लहान मुलं किती खेळतात हे त्यांनाच विचारायचं, त्याची प्रश्नावली. मी इंग्रजीतली मराठीत आणली. दुसरी मुबश्शिरा करून राहिली, मला ज्युनिअर. गाईड शिवकांता मॅडम दोन्हींतली एकच प्रश्नावली लातूरच्या परिषदेला नेणार. मुबश्शिरा अजून पोरांसोबत लंगडीच खेळते. ह्याला संशोधन म्हणतात?
संकल्प: उद्यापासून पहाटे गोदावरीच्या घाटावर फिरणे. विषयाला शोभलं पाहिजे.

३ डिसेंबर
लई थंडी. फिरणं सोमवारपासून.
मॅडम मुबश्शिराला 'बेटा' म्हणाल्या. मला 'अहो वैजनाथ'. मी जळत नाही. फक्त नोंद.

८ डिसेंबर, दुपार
सोमवार. फिरायला गेलो नाही, आज तिसरीच्या वर्गात चाचणी. 'गत सप्ताहात मध्यम तीव्रतेची हालचाल किती केलीस?' एक पोरगं म्हणे, सर, हे परीक्षेत येणार हाय का? म्हटलं, हाव. सगळे चिडीचूप! मी गळ्यात शिट्टी अडकवून खुर्चीतून देखरेख केली.
शेजारच्या वर्गात मुबश्शिराचा नुसता दंगा. पोरं सारखी आमच्या दारातून डोकावतात, आणि ती त्यांच्याकडून चित्रं काढून घेते. ड्रॉइंगच शिकवायचं तर पीएच.डी. कशाला?

९ डिसेंबर
कमाल! अख्ख्या वर्गाची उत्तरं शब्दाला शब्द सारखी. एवढी एकवाक्यता कुणाला मिळाली असेल? मुबश्शिराला मुद्दाम फोन केला. मुबारक हो सर, म्हणाली. तेही मनापासून! त्यानं डोकं जास्तच फिरलं. लातूरसाठी कोट शिवायला टाकला.

११ डिसेंबर
मॅडमनी विचारलं, अहो वैजनाथ, अख्खा वर्ग आठवडाभर पलंगावर कसा?
चौकशी केली. परीक्षा म्हटल्यावर सगळ्यांनी पहिल्या नंबरच्या साक्षीचं बघून लिहिलं. साक्षीचा पाय प्लास्टरमध्ये. ती चाचणीच्या दिवशीच आठवड्यानं शाळेत आली होती म्हणे, बापानं उचलून आणून बसवलं होतं. मला दिसलं नाही. बाकाखालचा पाय खुर्चीतून कसा दिसणार? ह्यात प्रश्नावलीचा काय दोष?

१३ डिसेंबर
मुबश्शिराची निवडली. पळणं, चालणं, बसणं, सगळी चित्रं पोरांच्याच हातची. मॅडम म्हणाल्या, 'अजिबात हालचाल नाही' हे चित्र तर दोन्ही वर्गांनी बघताक्षणी ओळखलं.
बघितलं. खुर्ची. पोट. गळ्यात शिट्टी.
मुबश्शिरानं अदबीनं विचारलं, सर, लातूरला दाखवू ना? तुमची परवानगी पाहिजे.
दिली. तेव्हापासून खुर्चीतच बसून आहे.