सोमवारी येणारा मुलगा

अकोला, जुने शहर
२ ऑक्टोबर २०२४

चि. दीक्षा हिस,

सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे. तू ठीक आहेस असे तुझ्या अक्षरात वाचले म्हणजे खरे मानीन.

फोन करू नकोस, म्हणून आधीच लिहितो. कानांनी आता पुरती रजा घेतली आहे. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून नुसता हो हो म्हणतो आणि शेजारचा शेषराव पोट धरून हसतो. मोबाईलवरचे तुमचे अर्धेमुर्धे शब्द मला वाचवत नाहीत. पोस्टमन म्हणून जन्मभर दुसऱ्यांची पत्रे वाटली, आता म्हातारपणी दोन-चार आपल्याही नावाची येऊ देत.

कारण असे की, सतरा नोव्हेंबरला धर्मेंद्राला जाऊन वर्ष होईल. डेंग्यूने माझा धडधाकट मुलगा आठवड्यात नेला आणि मी अजून दार वाजले की उठतो. वाजलेले ऐकू येत नाही तरी उठतो. पुण्यानुमोदन विहारातच करावे असे सगळे म्हणतात, पण माझ्या मनात वेगळे आहे. त्या दिवशी नेमका रविवार आहे. धर्मेंद्र दर रविवारी अमरावतीत लोकांना पायी फिरवून जुने शहर दाखवायचा. ती फेरी आता तू, माझी सून, चालवतेस, याचा मला अभिमान आहे. विहारातले उपासक घेऊन मी त्या दिवशी तुझ्या मागे चालणार. जवाहर गेटपासून परकोटाच्या भिंतीच्या कडेकडेने थेट कापसाच्या जुन्या जिनापर्यंत. माझी आई पार्बताबाई त्या जिनात यंत्रात कापूस घालायची. तिथेच मेणबत्त्या लावू, वंदना घेऊ आणि सर्वांच्या तोंडून पंचशील म्हणवून घेऊ.

ही फेरी मी कधी पाहिली नाही. धर्मेंद्र असताना दोनदा पिशवी भरून निघालो होतो. एकदा म्हणाला ऊन फार आहे, एकदा म्हणाला माणसे कमी आहेत. स्वतः अकोल्याला यायचा तो मात्र सोमवारी. सगळ्यांची पोरे रविवारी येतात, संध्याकाळी विहारात बापाशेजारी बसतात. माझा सोमवारी यायचा, विहाराला कुलूप असताना. त्याचे हे एक गणित मला कधी सुटले नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा (देवराव)


अमरावती
९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाबांस,

दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि. तुमचे पत्र मिळाले. अक्षर अजून माझ्या क्लासमधल्या पोरांपेक्षा चांगले आहे. मी ते दोघातिघांना दाखवले, तर त्यांना आधी पत्र म्हणजे काय हे सांगावे लागले.

तुमचा विचार चांगला आहे, पण बाबा, एवढ्या वयस्कर माणसांना पायी फिरवणे मला झेपायचे नाही. रस्ते खणून ठेवले आहेत, ऑटोवाले अंगावर येतात. शिवाय जिनात सध्या काम चालू आहे, आत जाऊ देतील असे वाटत नाही. त्यापेक्षा त्या दिवशी मीच अकोल्याला येते. विहारात कार्यक्रम करू, मी खीर करीन. मागच्या वेळी साखर कमी पडली असे तुम्ही गावभर सांगितलेत, त्याची भरपाईही होईल.

गुडघ्याला तेल लावता की नुसतीच बाटली उशाशी ठेवता? शेषरावकाकांना जयभीम सांगा.

तुमच्या मायेची अशीच हक्काने मागणी करणारी,
दीक्षा


अकोला
१७ ऑक्टोबर २०२४

चि. दीक्षा हिस,

सप्रेम जयभीम. तुझे पत्र वाचले आणि हसू आले. ज्याने तीस वर्षे उन्हातान्हात टपाल वाटले, त्याला तू रस्त्याची भीती घालतेस. धर्मेंद्राचे पाय माझ्यावरच गेले होते.

क्रूझर गाडी ठरवली आहे. शेषराव सगळ्यांना सांगून राहिला, की आमी धर्मेंद्रले भेटायले अमरावतीले चाललो. मी त्याला दुरुस्त केले नाही. जिनात काम चालू असेल तर बाहेर उभे राहू. मला फक्त ती भिंत पाहायची आहे. आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापूस असायचा. आम्ही भावंडे तो वेचायचो. पुढे अकोल्याला बदली झाली आणि त्या बाजूला माझे जाणे राहूनच गेले. धर्मेंद्राने फेरीचा शेवट तिथे केला हे कळले तेव्हा मी पोस्टात पेढे वाटले होते.

आता नाही म्हणू नकोस. त्याने दोनदा टाळले, तिसऱ्यांदा तू टाळू नकोस.

तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
बाबा


अमरावती
२४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाबांस,

सविनय जयभीम. हे पत्र मी तीनदा लिहून फाडले. आता जसे येईल तसे लिहिते.

बाबा, जिनात काम चालू नाही. तिथे बिअर तयार होते. जिन कित्येक वर्षे कुलपात होता. मग एका माणसाने तो घेतला, छपराचे पत्रे बदलले, आत मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या बसवल्या. तो ब्रूअरी काढतो आहे असे कळल्यावर हे स्वतः त्याच्याकडे गेले. आजी जिथे उभी राहून काम करायची तो ओटा पाडू नका, एवढेच मागायला गेले होते. त्याने ओटा ठेवला आणि फेरी तिथे संपवायला सांगितले. तोवर फेरीला चार माणसे यायची नाहीत. शेवटी थंड बिअरचा ग्लास मिळतो म्हटल्यावर नागपूरहूनसुद्धा येऊ लागली. हे मला म्हणायचे, येऊ देत ग्लाससाठी, पण आजीचे नाव ऐकल्याशिवाय ग्लास हातात देणार नाही. आणि तसेच करायचे. ओट्यापाशी उभे राहून पार्बताबाईचे सांगायचे, ग्लास नंतर.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते. हो, रविवारी लोकांबरोबर तेही एक ग्लास घ्यायचे. एकच, आणि आनंदाने. मी लपवणार नाही. त्या दिवशी मात्र तुमच्यासमोर यायचे नाहीत. तोंडाला वास घेऊन बाबांच्या शेजारी, तेही विहारात, मी बसणार नाही म्हणायचे. बाबा दारूपासून दूर राहण्याचे पाचवे शील म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज वेगळा लागतो, असे मला त्यांनी सांगितले होते. म्हणून सोमवार. तुमचे न सुटलेले गणित एवढेच आहे.

ऊन आणि कमी माणसे ही कारणेही तशीच. तुम्हाला निरोप पाठवून टाळले की दिवसभर जेवायचे नाहीत.

रागवा, पण पत्र पाठवा.

तुमची,
दीक्षा


अकोला
५ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षा हिस,

जयभीम. क्रूझर रद्द केली. उपासकांना माझी तब्येत बरी नाही असे सांगितले. खोटेही नाही.

धर्मेंद्राला जे सांगितले नाही ते तुला सांगतो. माझा बाप बुधाजी पगाराच्या दिवशी त्या जिनाच्या फाटकाशी बसून असायचा. आई बाहेर आली की तिच्या मुठीतले तो काढून घ्यायचा आणि तिथूनच दारूच्या भट्टीवर जायचा. ती रिकाम्या हाताने आणि कापसाच्या केसांनी घरी यायची. तो मागून यायचा, आणि तो वास. लुगड्याला, भांड्यांना, आमच्या पांघरुणाला तो वास. बाप मेल्यावर आईने मला समोर बसवून पाचवे शील म्हणायला लावले. मला ते नुसते शब्द नाहीत, तो तिचा चेहरा आहे. मुलाला आजी कष्टाळू होती एवढेच कळावे, बाकी कशाला, असे मला वाटत असे.

आणि आता त्याच जिनात दारू होते, आणि आईच्या ओट्यापुढे ग्लास वाटले जातात. ते माझ्या मुलाने वाटले. आता तू वाटतेस.

ती फेरी बंद कर. माझे एवढे ऐक.

बाबा


अमरावती
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाबांस,

सविनय जयभीम. तुमचे पत्र वाचून मी खूप रडले. यांना हे ठाऊक असते तर फेरी त्या फाटकात कधी शिरली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

तुम्ही सांगता तर बंद करते. पण बाबा, त्यांचे कपडे वाटून टाकले, गाडी विकली. घरात त्यांचा आवाज कुठे उरला नाही. रविवारी जवाहर गेटपाशी उभी राहून त्यांची वाक्ये म्हणते तेव्हा ते दोन तास माझ्याजवळ असतात. म्हणून सतरा तारखेची एक फेरी मला करू द्या. ती शेवटची. त्यानंतर तुमचा शब्द.

तुम्ही या असे म्हणायची माझी हिंमत नाही. जेवण वेळेवर घ्या.

तुमची आणि तुमचीच,
दीक्षा


अकोला
१९ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षा हिस,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तू मला जवाहर गेटपाशीच पाहिलेस, हे मला समजले होते. तुझे तोंड एकदम थांबले आणि मग पुन्हा सुरू झाले. फेरी तशीच पुढे नेलीस, बरे केलेस. जवळ आली असतीस तर मी परत फिरलो असतो. शेषरावला मी डॉक्टरकडे जातो असे सांगून पहाटेची एसटी धरली होती.

मला एक अक्षर ऐकू आले नाही. तू हात वर केलास की लोक दरवाज्याची कमान पाहत, मीही पाही. तू हसलीस की ते हसत, मीही हसे. एका बोळाच्या तोंडाशी तू डावा हात कमरेवर ठेवून उभी राहिलीस, तेव्हा मात्र मी बाकी सगळे सोडून तुझ्याकडेच पाहत राहिलो. ती धर्मेंद्राची सवय. शाळेत कविता म्हणायला उभा राहायचा तेव्हापासूनची. तू त्याची वाक्ये म्हणतेस असे लिहिले होतेस, पण उभीही त्याच्यासारखी राहतेस हे तुला ठाऊक आहे का?

जिनाच्या फाटकात माझे पाय अडले. बाप बसायचा ती जागा तशीच आहे, तिथे आता मोटारसायकली लावतात. तुम्ही सगळे आत गेलात. मी बराच वेळ बाहेर उभा होतो. मग वाटले, आई इथून रोज आत जायची आणि तिला आधार द्यायला कोणी नव्हते, तर मला काय होते. आणि गेलो.

ओटा पाहिला. मधोमध खोलगट झाला आहे. किती बायांच्या पायांनी झाला असेल. तू बोलत होतीस आणि तरणी पोरे टोप्या काढून ऐकत होती. तुझ्या ओठांवर पार्बताबाई हे नाव मी वाचले. माझ्या आईला उभ्या जन्मात कोणी बाई म्हटले नव्हते, पारबती म्हणून हाका मारायचे. ग्लास एका बाजूला भरून ठेवलेले होते आणि तुझे सांगून होईपर्यंत एकानेही हात लावला नाही. हे त्याने लावलेले वळण. ते मी पाहिले, आणि तो नसताना पाहिले, याचे दुःख माझ्या छातीतून आता निघायचे नाही.

मग तू एक भरलेला ग्लास ओट्यावर त्याच्या फोटोपुढे ठेवलास. लोक बाकांवर पांगले आणि तू मालकाशी बोलत उभी राहिलीस. तेव्हा मी ओट्याजवळ गेलो. आयुष्यभर ज्या वासाला भ्यालो तो येईल म्हणून श्वास धरून गेलो होतो. फोटोत तो हसतो आहे. असा हसताना मी त्याला घरी पाहिल्याचे आठवत नाही. मी ग्लास उचलला. भिऊ नकोस, प्यायलो नाही. शील माझे माझ्यापाशी आहे, ते असेच जाईल. फक्त नाकाशी नेला आणि श्वास सोडला. बापाचा वास आला नाही. पावसात भिजलेल्या धान्याच्या पोत्याचा येतो, तसा होता. थोडा कडवट. बस.

तिथे मी ओट्यावर बसून रडलो. एक मुलगी पाणी घेऊन आली, तेवढे प्यायलो आणि तुला न भेटता निघालो. राग मानू नकोस.

फेरी बंद करू नकोस. आईचे सांगशील तेव्हा फाटकाशी बसणाऱ्या माणसाचेही सांग. मी धर्मेंद्राला सांगितले नाही, म्हणून त्याच्या सांगण्यात तेवढे राहिले. ऐकून कोणाला ग्लास घ्यावासा वाटला तर घेऊ दे, नाही वाटला तर नाही.

आणि एक. परवापासून माझ्या मनात एकच गोष्ट फिरते आहे. किती रविवार मी विहारात माझ्या शेजारची चटई रिकामी ठेवली. कोणी बसायला आले तर हाताने खुणावून उठवत असे, म्हणत असे, माझा मुलगा येणार आहे. तो तिकडे माझ्यामुळे सोमवारची वाट पाहत बसला होता. एवढाच वास होता, दीक्षा. एवढाच होता, तर त्याने रविवारी यायला हवे होते.

तू आता येशील ती रविवारीच ये. फेरी संपली की निघ, संध्याकाळपर्यंत पोचतेस. चटई टाकलेलीच असते.

वाट पाहणारा,
बाबा