शिखर विश्राममधला अभिप्राय

गुढियारी, रायपूर
दि. २६ मे २००३

तीर्थरूप नानांस,
नीलेशचा कृ. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं काल पचमढीहून सुखरूप परतलो. सुखरूप म्हणतो, सुखात नाही. तुम्ही आणि आई दर वर्षी ज्या 'शिखर विश्राम'मध्ये जात होता, त्या हॉटेलची पार रया गेली आहे, नाना. गाद्यांना ओलसर वास, गरम पाणी सकाळी दहानंतर, आणि दरीच्या समोर मालकाने स्वतःच्याच जाहिरातीचा फलक ठोकलाय. ज्या वांग्याच्या भाजीचं कौतुक तुमच्याकडून इतकी वर्षं ऐकलं, ती थंडगार आली. गंधालीने दोन घासांत ताट सरकवलं आणि आजोबांना हेच आवडायचं का, असं हिंदीत विचारलं. पोट्टीला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं देत नाही. शर्मिष्ठा म्हणते, यापुढे तुमच्या आठवणींवर विसंबून खोली ठरवायची नाही.

पण मी गप्प बसलो नाही. तुम्ही रेल्वेची उपाहारगृहं तपासण्यात आयुष्य घालवलंत. कुरकुर करू नये, वहीत लिहावं, नाव-पत्ता स्पष्ट द्यावा, हे तुमचंच शिकवणं. मी मॅनेजरकडून आचाऱ्याचं नाव विचारून घेतलं आणि अभिप्रायाच्या वहीत दोन पानं लिहिली. तुळशीरामने शिळंथंड वाढलं, असं नावानिशी. खाली सही, हुद्दा आणि 'मंत्रालय, रायपूर'. राजधानी झाल्यापासून आमच्या सहीलाही थोडं वजन आलंय बरं! मॅनेजर दोनदा वाकला.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. माया आहेच, ती उणी होऊ देऊ नये.

आपला,
नीलेश

वर्धा
दि. ४ जून २००३

चि. नीलेश यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रातलं एक अक्षर खोटं नाही, हे आधी सांगतो. त्याच टपालाने तुळशीरामचं कार्ड आलं. त्याला कामावरून काढलं. मालकाने तुझी दोन पानं त्याच्या पुढ्यात धरली म्हणे.

नवा मालक आल्यापासून तिथल्या स्वयंपाकघरातला एकेक माणूस कमी होत गेला. आता तुळशीराम एकटाच होता. गॅस वाचावा म्हणून चारनंतर शेगडी पेटवायची नाही, असा हुकूम. संध्याकाळचं जेवण दुपारीच करून ठेवायचं, मग ते गरम कुठून असणार? जुन्या माणसाला घालवायला मालक निमित्तच शोधत होता. म्हणून गेली चार वर्षं मी त्या वहीत 'भोजन उत्तम' लिहीत आलो. स्टेशनावरच्या शिळ्या वड्यालाही कधी माफ न केलेला मी! तुझ्या आईने विचारलंही होतं, असं काहून लिहिता म्हणून. मी म्हटलं, एका माणसाचं घर चालतं. ती गेल्यावर हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

नोकरीत मी वही उघडण्याआधी भटारखान्यात जाऊन यायचो. तुला नेमकं तेवढंच शिकवलं नाही, हा दोष माझा. तुझ्यावर रागावलो नाही, पण मनाला चैन नाही. तुळशीराम त्याच्या भाच्याकडे, नत्थूकडे, तुमच्या रायपुरातच भनपुरीला आला आहे. जाऊन ये, बाबा.

गंधालीला मराठीत एक पापा. तुम्हा सर्वांचं कल्याण असो.

तुझा,
नाना

रायपूर
दि. १६ जून २००३

तीर्थरूप नानांस,
कृ. सा. न. वि. वि.

काल भनपुरीला गेलो. ट्रकांच्या धुळीत नत्थूची खोली शोधताना वाटत होतं, दार तोंडावर लावतील तर बरं. नत्थू चिडलाच. साहेब, आता अजून काय लिहाले आले, असं त्याने विचारलं. तुळशीरामने मात्र त्याला गप्प करून मला बसवलं. मी हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला की जेवण थंडच होतं, मले तुमचा राग नाही.

पुढचं तुम्हाला लिहावं की नाही, याचा रात्रभर विचार केला. पण लिहितो. तो म्हणाला की नानासाहेब दरसाल उत्तम लिहून राहिले, ते वाचून मान खाली जाये. माह्या हातची चव त्यांच्याइतकी कोणाले ठाऊक? त्यांनीच खोटं लिहिलं, तवा समजलो का आपण आता दयेवर आहो. नाना, हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले.

इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलच्या कॅन्टीनला आचारी हवा आहे, पण ठेकेदाराला कोणाची तरी चिठ्ठी लागते. मी ती लिहूनच नेली होती: अत्यंत कुशल, भोजन उत्तम. त्याने वाचली आणि परत दिली. तुम्ही माह्या हातचं थंडच खाल्लं, मंग उत्तम कसं लिहिता, म्हणाला. बसा, जेवा, मंग लिहा. नत्थूच्या स्टोव्हवर त्याने तासाभरात सगळं केलं. मी पोटभर जेवलो आणि नवी चिठ्ठी लिहिली: भात मोकळा, वरण सुरेख, वांग्यात मीठ किंचित जास्त. मिठावरून वाद घालायला लागला, मग स्वतः घास खाऊन पाहिला, हव, जास्तच पडलं म्हणाला आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. ठेकेदार आज ती वाचून हसला आणि त्याला ठेवून घेतलं.

पाऊस जोर धरण्याआधी तुम्ही इकडे या. तुळशीराम तुम्हाला जेवायला बोलावतोय आणि तुमचा अभिप्राय त्याला लेखी हवा आहे. नाना, या, पण घरूनच 'उत्तम' ठरवून येऊ नका.

तिघांचा नमस्कार. आमच्यावरचा लोभ वाढता ठेवावा.

आपला,
नीलेश